तानाबाईची वाळवणीची खोली

कोल्हापुरात आषाढात कपडे वाळत नाहीत, नुसते आंबतात. दोरीवर आठवडाभर लोंबकळलेला टॉवेलसुद्धा पिळला तर पाणी देतो. पण तानाबाईच्या वसतिगृहात हे रडगाणं कुणी कधी गायलं नव्हतं. वसतिगृह मुलींच्या एका जुन्या संस्थेचं. पण त्याला 'माझं' म्हणायला तानाबाईला कुणाची परवानगी लागत नसे.

न्हाणीघरामागच्या बॉयलरमधून वाफेचा एक नळ मागच्या खोलीत जायचा. तिथं भिंतीलगत पोकळ लोखंडी फासळ्यांची रांग होती. कुणा हौशी कारभाऱ्यानं साहेबाच्या देशातलं बघून ती बसवलेली. फासळ्या तापल्या की खोलीत भर पावसात उन्हाळा. कुरुंदवाडहून नोकरीला आलेली तानाबाई बॉयलर पेटवायची, दोऱ्यांवर कपडे टाकायची आणि संध्याकाळी उबेला येऊन बसणाऱ्या मुलींना परीक्षेपासून सासूपर्यंत सगळ्या विषयांवर फुकट सल्ले द्यायची. त्या सल्ल्यांनी कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, पण मुली यायच्या. पोटचं कुणी नसलेल्या बाईला तेवढं पुरे होतं.

यंदा नंदिनीबाई नव्या रेक्टर आल्या. माणूस सरळ, पण हात आखडता. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, "इथली वाफसुद्धा वाया जाता कामा नये."

तानाबाईनं ते फारच मनावर घेतलं. शेवटच्या फासळीला बोटभर पितळी शिट्टी होती. सकाळी बॉयलर पेटला की ती फुसफुसायची आणि जरा वेळानं गप व्हायची. ही चोरून जाणारी वाफच, असं तानाबाईनं ठरवलं. हंडीच्या झाकणातून वाफ जायला लागली तर बाईमाणूस काय करतं? कणीक लावतं. तिनंही लावली, अंगठ्यानं चांगली दाबून.

दुसऱ्या दिवसापासून फासळ्या थंडगार.

मुरगूडचा आकाराम फिटर आला. कामापेक्षा तोंड मोठं, पण मनाचा मोकळा. आपण हात लावला की नळ शरण येतो, असं तो स्वतःच सांगायचा. वाफेचं झालेलं पाणी बॉयलरकडं परतावं म्हणून त्यानं नळाचा उतार वाढवला, व्हॉल्व्ह बदलला, आणि काहीच जमेना तेव्हा सगळ्या फासळ्यांना चंदेरी रंग फासला. "देखणं दिसलं तर बाईंचा राग तरी निवंल," असा त्याचा हिशेब. राग निवला नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी वसतिगृहातली क्रांती ओल्या कपड्यांत शिंकायला लागली.

"रविवारी भंगारवाला येईल," नंदिनीबाईंनी सांगून टाकलं. "त्या खोलीत कपाटं ठेवू. तानाबाई, तुम्ही फाटकावर बसा." तानाबाई स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडली आणि कांद्यावर ढकलून मोकळी झाली.

रविवारी भंगारवाला पाना घेऊन दारात उभा राहिला. पावसातून आलेल्या नंदिनीबाईंची शाल निथळत होती. बॉयलर पेटवून आकाराम शेवटचा प्रयत्न म्हणून नळाशी उकिडवा बसला होता.

"वाफ दारापतूर येतीया, तानाक्का," तो म्हणाला. "आत हवा कोंडून बसलीया. भरल्या घरात पावणं बसवायचं कुठं?"

"मग ती हवा भाईर कुठनं जाती?"

"त्या शिट्टीतनं की."

तानाबाईनं शिट्टीकडं बघितलं. सगळ्यांना चहाला पिटाळावं आणि गुपचूप कणीक खरवडावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात नंदिनीबाई म्हणाल्या, "आकाराम, जमत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं." जन्मात कधी गप न बसलेल्या आकारामनं मान खाली घातली. ते काही तानाबाईला बघवलं नाही.

"त्येला बोलू नगासा, बाई!" ती ओरडलीच. "शिट्टीला म्याच कणीक लावलीया."

अंबाड्यातला आकडा उपसून तिनं शिट्टी खरवडली. चंदेरी खपली आकारामच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली, उलटीसुलटी केली आणि कपाळावर हात मारला. "आयला, तानाक्का! कणकंला मी दोन हात रंग दिलाय की! आन् म्हनं फिटर!" तो असा हसला की भंगारवालाही हसायला लागला.

"पण हे तुम्हाला सुचवलं कुणी?" नंदिनीबाईंनी विचारलं.

"तुमीच की! वाफसुदीक वाया घालवू नगा म्हणालासा."

शिट्टी फुसफुसत होती. पोराचा ताप बघावा तसा तानाबाई एकेका फासळीवर हात ठेवत पुढं सरकत होती. पहिली तापली, मग दुसरी, आणि शेवटची चटका द्यायला लागली तशी शिट्टी आपोआप गप झाली. तानाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला इतका आनंद झाला होता की या वेळी कांद्याची आठवणही झाली नाही.

भंगारवाल्यानं पाना पिशवीत टाकला. नंदिनीबाईंनी खांद्यावरची ओली शाल काढली, झटकली आणि दोरीवर टाकली.

"संध्याकाळपर्यंत वाळेल ना?"

"सांज कशाला?" पाट सरकवत तानाबाई म्हणाली. "बसा की हितं उबंला. च्या पिऊस्तवर वाळती."