काळा गॉगल लावलेली चढाईपटू

चष्मा काढून ती कबड्डीच्या मैदानात उतरायची, तेव्हा समोरच्या मुली तिला फक्त रंगाच्या डागांसारख्या दिसत. शहापुरातली आमची ही शेजारीण साधं बोलतानाही वाक्य संपलं की मांडीवर थाप मारते, जणू समोर विरोधी संघ उभा आहे.

यंदा तिने डोळ्यांचं लेझर ऑपरेशन करून घेतलं. कबड्डीत डोळ्याला हात लागतो आणि कापलेला पापुद्रा धक्क्याने सरकू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बुबुळावरचा पापुद्रा न कापता करायची पद्धत निवडली. त्यात जखम हळू भरते. तोवर माती आणि धक्का वर्ज्य.

नेमका तेव्हाच मुरबाडला अंतिम सामना आला. काळा गॉगल लावून ती मैदानाबाहेर बसली. संघ मागे पडल्यावर कर्णधार धावत तिच्यापाशी आली.

"आमी हारतोय गो! एकच चढाई मार."

"नाय. तुमी खेळा."

"डोळं काय केलं, हिरोईनच झाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने मांडीवर थाप मारली, पण ती उठली नाही. आम्ही हरलो.

परतताना टेम्पोत तिच्याशी कुणी बोलेना. शेवटी तीच म्हणाली, "त्यांची कोपऱ्यातली पोरगी झेप घ्यायच्या आधी डावा पाय मागं घेते. इतकी वर्षं खेळले तिच्याशी, आज दिसलं. पुढच्या वेळी ती माझी."