चारबागच्या फलाटावरचा आवाज

चारबाग स्टेशनाबाहेर येऊन मागे वळून पाहिलं आणि मला रागच आला. लाल-पांढरे घुमट, कमानी, गच्चीवर खांबांवर उभ्या छत्र्या. आमच्या भुसावळच्या स्टेशनात राबणारी माणसं दिसतात. इथे आधी राजवाडा दिसतो. खरा राग मात्र दादावर होता. घ्यायला येतो असं त्यानं कळवलं होतं. तासभर वाट पाहून मी सायकलरिक्षा केली आणि मानक नगरचा पत्ता सांगितला.

आमचे वडील भुसावळच्या यार्डात होते. डब्यांच्या चाकांवर हातोडी मारायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं काम. युनियनचेही होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी त्यांवरच वाचायला शिकले, आणि शब्द मोडणारा तो फितूर, हेही त्यांतूनच शिकले. चार वर्षांपूर्वी वडील गेले. लखनौला रेल्वेत इंजिनिअर असलेला दादा अंत्यविधीला आला नाही. ‘गाडी चुकली’ एवढीच तार आली. मी त्याला पत्रकाच्याच भाषेत पत्र लिहिलं आणि बोलणं टाकलं. त्यानंतर तीनदा त्यानं घरी यायचं तिकीट काढलं. तीनदा आला नाही. आता आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ‘त्याआधी त्याला घेऊन ये,’ ती म्हणाली. ‘दिसतंय तोवर बघू दे.’

दार वहिनींनी उघडलं. त्या बँकेत आहेत, माहेर अमरावतीचं. मला एकटीला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. हे तर कधीचे निघालेत, म्हणाल्या. दादा दुपारी आला. वाटेत कुणाचा तरी बंद पडलेला पाण्याचा पंप दुरुस्त करत बसला होता.

‘सुमे, तू आज येणार होतीस,’ तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

त्या घरात भिंतीभर चिठ्ठ्या होत्या. गॅस. किल्ली. फाईल. दूध. दूध तरी उतूच गेलं. कपाटाला अर्धाच रंग होता. उरलेला अर्धा तीन वर्षांपासून उद्यावर होता. ऑफिसात मात्र रुळांच्या कंपनांचं कोडं सुटेना की सगळे दादाकडे येत. तोच माणूस विजेचं बिल खिशात घालून आठ दिवस फिरे.

रात्री जेवताना वहिनींनी सांगितलं की एका डॉक्टरांनी याला नाव दिलंय, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणं. मुलांमध्ये ओळखतात, पण मोठेपणीही राहतं.

मी पेटलेच. कामगार विसरला तर आळशी आणि साहेब विसरला की आजार, हे बरं आहे, असं बोलून गेले.

‘कामगारालाही असेल की,’ वहिनी शांतपणे म्हणाल्या. ‘त्याला कुणी विचारलंय?’

दादा ताटातला भात इकडून तिकडे करत होता. म्हणाला, ‘यार, लक्ष लागत नाही असं नाही गं. कुठं लागेल ते माझ्या हातात नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला मख्खन मलाई (थंडीत दुधाचा फेस घुसळून करतात ती) खाऊ घातली. जिभेवर ठेवावी तर काही उरत नाही, फक्त केशराचा वास. लहानपणी तो मला खांद्यावर बसवून यार्डात न्यायचा, ते आठवलं. मग आईसाठी चिकनची (पांढऱ्या दोऱ्याच्या भरतकामाची) साडी घ्यायला आम्ही अमीनाबादला गेलो. पाच मिनिटांत येतो म्हणून दादा गेला तो तासभर आला नाही. म्हातारे दुकानदार चहा मागवून म्हणाले, ‘बैठिए बिटिया। लखनऊ में कोई खोता नहीं, बस देर से मिलता है।’

दादा आला तो घामाघूम. कुठं होता ते त्यालाच धड सांगता येईना. पायरीवर बसून मी चार वर्षं साठवलेला प्रश्न विचारला, ‘त्या दिवशी गाडी कशी चुकली?’

बाबा गेल्याची तार मिळताच तो निघाला होता. दोन तास आधी स्टेशनवर होता. तिकीट खिशात, बॅग हातात. पलीकडच्या फलाटावर एक गाडी उभी होती आणि कुणीतरी चाकांवर हातोडी मारत चाललं होतं. एका चाकाचा आवाज वेगळा आला. दादा पूल ओलांडून तिकडे गेला. चाक पाहिलं, पुढचं ऐकलं, त्याच्या पुढचं ऐकलं. परत आला तेव्हा फलाट रिकामा होता.

मी म्हटलं, ‘बाबांचीच हातोडी ऐकू आली ना तुला? म्हणून गेलास.’

तो म्हणाला, ‘तसं म्हटलं तर मलाही बरं वाटेल, सुमे. पण नाही. तेव्हा बाबा आठवतच नव्हते. फक्त आवाज होता.’ मग म्हणाला, ‘हे कुणाला लिहिणार? तार केली.’

ही कबुली मी कुठल्या पत्रकात बसवू? तो खोटं बोलला असता तर मी लगेच माफ केलं असतं.

निघायच्या दिवशी वहिनींना रजा नव्हती. दारातून त्यांनी एवढंच सांगितलं, ‘बजावून उपयोग नाही. सोबत राहा.’

फलाटावर आम्ही वेळेच्या खूप आधी पोचलो. गाडी लागलेलीच होती. सामान जागेवर ठेवलं आणि साडीची पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसलो. तेवढ्यात गाडीच्या टोकाकडून आवाज आला. टण्ण. टण्ण. दादाची मान वळली. तो उठलाच.

सुनावायला माझ्याकडे भाषण तयार होतं. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याबरोबर चालू लागले.

‘ऐक,’ तो म्हणाला. ‘हे चांगलं. लांबपर्यंत घुमतंय बघ. तडा असला की बद्द वाजतं.’

‘ठाऊक आहे,’ मी म्हटलं. खांद्यावर बसून तेच ऐकायचे मी. डब्यामागून डबे गेले. त्या माणसानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि हसून पुढचं चाक वाजवलं. सिग्नल पडला तसं मी मनगट ओढलं आणि दोघं धावत आपल्या डब्यात चढलो.

कानपूर गेल्यावर साडी आठवली. बाकावरच राहिली होती. पिशवी माझ्या ताब्यात होती.

दादा खिडकीकडे तोंड करून हसत होता बहुतेक.

भुसावळला आई दारात बसली होती. तिनं दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला. उशीर का झाला, तिनं विचारलं नाही. भिंतीवर खिळ्याला बाबांची हातोडी होती. तिच्याखाली तो जेवायला बसला.

मी त्याला लिहिलेलं ते पत्र मला परत मागायचं होतं, पण त्यानं ते कुठं ठेवलं हे त्यालाही आठवणार नाही. मला आठवतं, शब्द न् शब्द. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी चारबागला मी असायला हवी होते. तो पूल ओलांडून गेला तिथवर मीही गेले असते, दोन चाकं ऐकली असती, आणि त्याला धरून वेळेत बाबांकडे आणलं असतं.