लाल दोऱ्याची कर्दळ

आईचा बागेतला नियम जुना होता. कीड लागलेल्या पानाला दिसेल तेव्हा लाल दोरा बांधायचा आणि रविवारी अशी सगळी पानं एकदम कापायची. रोज रोज कात्री चालवली तर झाड बिचकतं, असं तिचं म्हणणं.

इतकी वर्षं शिकायला बाहेर राहिलेल्या धाकट्या लेकीला हे ठाऊक नव्हतं. ती चित्रकार. तिच्या चित्रांत ना घर ना माणूस, नुसते रंग आणि आकार. पण घरी परतल्यापासून ते यायचे घरामागच्या बागेतूनच. यंदा तिला कर्दळीनं वेड लावलं होतं. पान गुंडाळलेलं असतानाच अळी आरपार जाते, मग पान उलगडलं की एका ओळीत भोकं दिसतात. अशी सात पानं तिनं निवडली आणि चुकू नयेत म्हणून दोरे बांधले. लाल! सहा चित्रं झाली होती. सातवं शनिवारपर्यंत झालं नाही, तर प्रदर्शनातली तिची भिंत दुसऱ्याला जाणार होती.

त्याआधीच्या रविवारी आई खुशीत आत आली. "कर्दळ फारच किडली होती गं. एकूण एक साफ केली."

"दोरेवाली?"

"मग काय बिनदोऱ्याची?"

खुलासा झाला. दोरे आपणच बांधून विसरलो, असं आईला वाटलं होतं. खताच्या खड्ड्यात टाकलेली पानं तिनं उचलून आणली, तर ती पार माना टाकून बसलेली.

"आता टाके घालणार का, डॉक्टरीणबाई?" बाबांनी विचारलं.

तीन दिवस धाकटी बागेकडे फिरकली नाही. आईला घास गोड लागेना. चौथ्या सकाळी पाहते तर लेक कर्दळीसमोर स्टूल टाकून बसलेली. कापलेल्या जागेतून ऊन थेट मागच्या भिंतीवर पडलं होतं. एरवी ती भिंत सावलीतच असायची.

"आई, कात्री आण."

"नको गं बाई!"

"आण तर! ते मधलं पानही काप. ऊन अडतंय."

शनिवारी सातही चित्रं लागली. सातव्यात हिरवा फक्त कडेला, बाकी सगळा उबदार पिवळा.

"यात पानं कुठायत?" एका पाहुण्यानं विचारलं.

"ती मी कापली," आई तोऱ्यात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन बागेत गेली. जास्वंदीला लाल दोरा! तिनं चष्मा पुसला, दोरा निरखला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, हा तुझा की माझा?"