टाकीवरचे शेवटचे आकडे

पास्कूकाकांची आणि माझी ओळख ओरडा खाऊन झाली. डोंबिवलीहून वसईला मी नुकताच राहायला आलो होतो. तिथल्या पापडी गावात त्यांच्या पडवीत एक जुनाट मोटारसायकल दिसली, म्हणून आत शिरलो आणि कौतुकाने रुमाल काढून तिची टाकी पुसू लागलो. "अहो, पुसू नका! तिची सगळी ओळख त्या मळातच आहे," काका आतून कडाडले. पाठोपाठ चहाही आला. त्या रविवारपासून मी त्यांचा शिष्य झालो.

काका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. महायुद्धातल्या लष्करी मोटारसायकली ओळखणे आणि त्या जशा होत्या तशा उभ्या करणे, हे त्यांचे जिवाभावाचे काम. 'जशा होत्या तशा' यावर त्यांचा कटाक्ष. चकचकीत क्रोम, दुसऱ्या गाडीचा सुटा भाग, असले काही त्यांना खपत नसे. विरारचे एक गृहस्थ हौसेने घेतलेली 'मिलिटरी'ची गाडी दाखवायला आले होते. काकांनी ती सावकाश निरखली आणि हळूच म्हणाले, "गाडी गुणी आहे हो. फक्त लढाईवर गेलेली नाही." गृहस्थ हिरमुसले, पण चहाच्या दुसऱ्या कपाला थांबले. खरे सांगूनही माणूस न दुखावणे काकांना जमत असे.

भुईगावच्या एका वाडीत झावळ्यांखाली सापडलेली गाडी मात्र त्यांचा जीव होती. तिच्या चौकटीवरचा नंबर गंजाने खाल्लेला, इंजिनावरचा कुणीतरी घासून टाकलेला. गाडी कुठल्या तुकडीची, हे सांगणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे टाकी. वरच्या काळ्या रंगाखाली लष्करी हिरवा रंग होता आणि त्यावर कुणा सैनिकाने ब्रशने लिहिलेला पांढरा क्रमांक. काका ओल्या पॉलिश पेपरने काळा थर उतरवत आणि नखाएवढी जागा झाली की थांबत. आकडे एकेक करून वर येत होते. शेवटचे काही राहिले आणि काकांना दिसेनासे झाले. लेकीने वर्षानुवर्षे विनवूनही टाळलेले मोतीबिंदूचे ऑपरेशन मग त्यांनी करून घेतले. "एवढे आकडे वाचले की मी मोकळा," म्हणाले.

ते लेकीकडे विश्रांतीला होते आणि मी सांगलीला गावी. त्या दिवसांत काकांच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या आपल्या गौरव समितीने अमृतमहोत्सवाची भेट म्हणून ती गाडी उचलून नेली. टाकी पत्र्यापर्यंत घासली, पुट्टी भरली, भट्टीत भाजून नवा रंग चढवला. वर सोनेरी अक्षरांत काकांचे नाव! आता समितीने गौरवांकासाठी माझ्याकडे 'त्या गाडीबद्दल दोन गोड शब्द' मागितले आहेत. कुठून आणू? अहो, एकालाही विचारावेसे वाटले नाही? संताप होतो माझा, आणि करायचे काय त्या संतापाचे? सगळ्यांनी हे प्रेमापोटीच केले.

सत्काराच्या दिवशी गळ्यात हार घालून काकांना गाडीसमोर उभे केले गेले. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "छान झालीय," म्हणाले. कार्यकर्त्यांच्या पाठी थोपटल्या, फोटोसाठी हसलेही. काकांना खोटे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

नंतर मी विचारले, "काका, रंग उतरवून बघू या का?"

"खाली काय आहे आता? पत्रा."

तेव्हापासून त्यांनी कामाला हात लावलेला नाही. हत्यारे मला घेऊन जायला सांगितली. मी नेली नाहीत. सकाळी चर्चमध्ये मिसाला जातात, परत येतात आणि ओट्यावर बसून राहतात. कुणी जुनी गाडी घेऊन आलेच, तर "आता जमत नाही हो," म्हणून बसल्या जागेवरून परत पाठवतात.

काका, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी अगदी मनापासून मागतो. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला आता बारीकातले बारीक अक्षरही स्वच्छ दिसते. आम्ही मात्र तुमच्यासाठी वाचायला काही ठेवले नाही.