कडुलिंबाच्या खालच्या डहाळ्या

नागपुरात सदर बाजाराच्या मागे आमची गल्ली होती आणि तिच्या तोंडाशी एक कडुलिंब. इतका खाली वाकलेला, की डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चाललं की फांद्या लागायच्या. त्या वर्षी भादव्यात मात्र तो खालून उघडा पडायला लागला. मला काही ते बरं दिसेना.

त्याचं असं बघा, तापात अंगावर लाल उठलं की आमच्याकडे माता आली असं धरत. दाराला लिंबाची डहाळी बांधायची, फोडणी बंद, डॉक्टरचं नाव काढायचं नाही. ताप हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, ‘पाहुणी आली’ म्हणायचं. एकेका दाराला डहाळी चढत गेली आणि एक दिवस आमच्याही चढली. माझी धाकटी नणंद खिडकीखाली कण्हत पडली होती.

“हाडं फुटून राहिली वं वहिनी.”

खिडकीतला कूलर उन्हाळ्यापासून भरलेलाच. भादव्यात पुन्हा उकडतं, म्हणून कोणी उपसत नसे. वाळा कुजला होता आणि भरदुपारी त्यातून डास निघत.

घरोघर तापाचे रोगी विचारत फिरणारा सरकारी हिवतापवाला दारात आला. नवीनच होता, बाहेरगावचा असावा.

“कोणाला ताप आहे का बाई?”

“नाही बा,” सासूबाई म्हणाल्या. “पाहुणी आहे घरी.”

“मग करा पुरणपोळी!” तो हसला, भिंतीवर खडूनं ‘ताप नाही’ लिहून पुढच्या दाराला गेला. गल्लीभर तेच. वर सुकलेली डहाळी, खाली ‘ताप नाही’.

मी सासूबाईंना म्हटलं, “मातेचे फोड पाण्यानं भरतात. हे तर नुसतं लाल आहे.”

“तू डाक्टरीण आहेस का वं? मातामायले राग आणतेस काहून?”

मग ताप उतरला. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. पण पोरीचे हातपाय गार, आणि चूळ भरली तर पाणी लाल. मी बोलायला तोंड उघडलं, तोच समोरच्या घरातून रडण्याचा आवाज आला. त्यांची सून गेली होती. तिचाही ताप आदल्याच दिवशी उतरला होता, सासूबाई स्वतः जाऊन तिला पाहून आल्या होत्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. मग हात वर करून डहाळी ओढून काढली.

“रिक्षा बोलाव वं. लवकर.”

दवाखान्यात डॉक्टरांनी नणंदेच्या हाताला सलाइन लावलं. हा डासाचा ताप, म्हणाले, साठल्या पाण्यातल्या, दिवसा चावणाऱ्या डासाचा. “तुमच्या भागात असे आणखी किती? आमच्याकडे तर तिथून काहीच कळवलेलं नाही.”

मी घरं आठवायला लागले. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “तिले काय विचारता? आमच्या गल्लीत या आन् लिंबाचं झाड पाहून घ्या. जेवढं खाली बोडकं, तेवढे बिमार.”

नणंद वाचली. केस गळाले, महिनोन्‌महिने सांधे धरून बसायची, पण वाचली. सासूबाईंनी घरी येऊन पहिल्यांदा कूलर पालथा घातला. दारोदार सांगूनही आल्या. बाया हो हो म्हणाल्या.

पुढच्या वर्षी श्रावण सरायच्या आत दुपारी गल्लीच्या तोंडाशी सरसर ऐकू आली. नणंद भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. मी बाहेर डोकावले. हाताला लागतील अशा डहाळ्या आता झाडाला उरल्याच नव्हत्या. लोक बांबूला आकडी बांधून वरच्या तोडत होते.