धबधब्याच्या वरचं पाणी

अर्लिस टॉफ्टेला आमच्या खोऱ्यात ‘बूटवाली’ म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. टॅमरॅक ओढ्याच्या काठी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, वेंडेलचं, मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. उन्हाळ्यात शहरातली माणसं ट्राउट मासे पकडायला यायची. वेंडेल त्यांना होडीतून फिरवायचा, अर्लिस गल्ल्यावर बसून गळाला आमिष म्हणून बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्या वळायची. माझी खानावळ त्यांच्या समोरच. दोघंही दुपारची कॉफी माझ्याकडे घेत.

एकोणीसशे नव्वदनंतर आमच्या मोंटाना राज्यातल्या नद्यांमध्ये माशांना गरगरवणारा रोग आला. डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी जीव गाळातल्या बारीक किड्यांमध्ये वाढतो आणि तिथून माशांच्या पिल्लांमध्ये शिरतो. पिल्लांची कोवळी हाडं तो खातो. शेपूट काळी पडते, मग पिल्लू आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरत राहतं आणि त्यातच मरतं. माणसाला काही होत नाही, पण नदी रिकामी होते. आमच्या ओढ्याचा खालचा भाग असाच दोन-चार वर्षांत ओस पडला.

वरचा भाग मात्र वाचला होता. मध्ये एक उंच धबधबा आहे, त्यावर मासा चढू शकत नाही. वर फक्त इथला मूळचा, गळ्याखाली लाल रेघ असलेला ट्राउट राहायचा. रोग वर पोचणार तो माणसाच्या पायाने किंवा माणसाच्या हाताने, एवढं अर्लिसला कळलं आणि तिने ते काम अंगावर घेतलं. वाटेच्या तोंडाशी गरम पाण्याची टाकी बसवली, ब्रश टांगले. चिखलाचे बूट घेऊन कोणी वर जाऊ लागला की ती आडवी उभी राहायची. एका ठिकाणचा मासा दुसरीकडे सोडू नका, हे ती शाळेत, चर्चमध्ये, माझ्या खानावळीत सांगत फिरली. टाकीचा चौथरा वेंडेलनेच बांधला होता. तो हसत म्हणायचा, “घरात शिरतानासुद्धा मला पाय दाखवायला लागतात.”

तिचं ऐकलं नाही ते एकट्या ओटिस ब्रेकीने. ओटिस म्हातारा मेंढ्यांचा मालक होता. त्याचं कुरण धबधब्याच्या खाली-वर, ओढ्याच्या दोन्ही अंगांना. दिवसातून कितीदा तरी तो पाण्यातून इकडेतिकडे जायचा. “माझा बाप याच पाण्यातून चालला, मी चाललो. आता बूट काय धुवायचे?” एवढंच त्याचं उत्तर.

एका ऑगस्टमध्ये अर्लिसला धबधब्याच्या वर, काठच्या उथळ पाण्यात, काळ्या शेपटीची पिल्लं गरगरताना दिसली. ती तडक माझ्याकडे आली आणि दिसलं ते सांगितलं. वेंडेल तिच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

त्याच आठवड्यात गावच्या सभागृहात सगळे जमले. अर्लिसने सर्वांसमोर ओटिसचं नाव घेतलं. तो उठला, टोपी हातात घेऊन म्हणाला, “बूट मी धुतले नाहीत, हे खरं. रोग मी आणला, हे खरं नाही.” कोणी ऐकलं नाही. त्यानंतर त्याच्याकडचं मटण घेणं लोकांनी बंद केलं. माझ्या खानावळीत तो आला की शेजारचं टेबल रिकामं होई. वेंडेल हे सगळं बघत होता. कॉफीत साखर ढवळत तो खिडकीबाहेर बघायचा. मला वाटायचं, बायकोच्या दुःखाने गप्प झालाय.

शरद ऋतूत मत्स्य खात्याची माणसं वरचे मासे मोजायला आली. पाण्यात विजेचा हलका झटका देतात, मासे गुंगून वर येतात, ते जाळीत घ्यायचे. जाळी अर्लिसच्या हातात होती. लाल गळ्याच्या माशांमध्ये एक जाडजूड मासा आला, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. तो बाहेरच्या, रेनबो जातीचा ट्राउट होता, आणि धबधब्याच्या वर रेनबो कधीच नव्हता. त्याचे पर सिमेंटच्या हौदात घासून झिजलेले होते. म्हणजे मासे पाळायच्या तळ्यातला. हा बुटाला चिकटून येत नाही, खात्याचा माणूस म्हणाला, कोणीतरी गाडीत घालून आणलाय.

वर गाडी जाते ती एकाच रस्त्याने. तो रस्ता दूर समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्या एका श्रीमंताच्या जमिनीतून जातो. त्याच्या बंगल्यापुढे सिमेंटचं तळं होतं. फाटकाची किल्ली मालकाकडे, आणि तो नसताना वेंडेलकडे. होडीची कामं आटल्यापासून वेंडेल तिथली देखभाल करायचा.

पुढचं अर्लिसने मला नंतर सांगितलं. ती ओल्या कपड्यांनीच घरी गेली. वेंडेल अंगणात लाकडं फोडत होता.

“तळ्यातले मासे वर कोणी सोडले?”

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. खोटं बोलला नाही. “मालकाला पाहुण्यांच्या गळासाठी वरच्या ओढ्यात मोठे मासे हवे होते. खाली काम राहिलं नव्हतं, अर्लिस. आणि मासे चांगले दिसत होते गं.”

“तपासून घेतलेस?”

“नाही.”

“का?”

“तपासले असते आणि काही निघालं असतं, तर मालकाला नाही म्हणावं लागलं असतं.”

तिने विचारलं, “आणि ओटिस?”

“तू इतक्या ठामपणे बोलत होतीस,” तो म्हणाला. “म्हटलं, चार दिवसांत लोक विसरतील.”

मला हे सांगताना ती रडली नाही. म्हणाली, “माशांचं मी पोटात घातलं असतं. गरज होती, चुकला. पण मी त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उघडं पाडत होते, तेव्हा हा माझ्या शेजारी बसला होता. माझा हात धरून.”

दुसऱ्या दिवशी तिने खात्याला खरं काय ते कळवलं. मग पुन्हा लोकांना सभागृहात बोलावलं आणि हे माझ्या नवऱ्याने केलं, असं उभं राहून सांगितलं. वेंडेल आला नव्हता. ओटिस मागच्या बाकावर होता. ती त्याच्यापर्यंत चालत गेली. “ओटिस, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा.”

“तू खोटं बोलली नाहीस, पोरी,” ओटिस म्हणाला. “तुला खरं वाटलं ते बोललीस. पण मी तुझ्या बापाच्या प्रेताला खांदा दिला होता. मला आधी विचारायचंस तरी.” तो निघून गेला. त्याने माफ केलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन हिवाळ्यांनी तो वारला.

वेंडेलचा होडीचा परवाना गेला, दंड झाला. मालकाने वकील लावला, मग जमीन विकून निघून गेला. खात्याने वरच्या पाण्यात औषध घालून झाडून सगळे मासे मारायचं ठरवलं. मासाच नसला की रोगाचं चक्र तुटतं. त्याआधी अगदी वरच्या एका झऱ्यातले लाल गळ्याचे मासे तपासले, ते निरोगी निघाले, म्हणून तेवढे हलवून खात्याच्या हौदात ठेवले. मारायच्या दिवशी वेंडेल मदतीला आला होता. मेलेले मासे गोळा करणाऱ्यांच्या रांगेत तो उभा राहिला. अर्लिस त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, “तू नको. तू असलास तर मला हे जमणार नाही.” तो हातातलं जाळं ठेवून गेला. त्या संध्याकाळी परत घरी आलाच नाही, आणि तिनेही बोलावलं नाही.

पाणी काही वर्षं माशांविना मोकळं ठेवलं. मग दर उन्हाळ्यात खात्याची माणसं पिंजऱ्यात पिल्लं घालून पाण्यात ठेवायची, रोग लागतो का ते बघायला. पहिल्या खेपेला लागला. अर्लिस पिंजऱ्यापाशी गुडघ्यांवर बसून त्या गरगरणाऱ्या पिल्लांकडे बघत राहिली आणि उठून टाकीतलं पाणी बदलायला गेली. खूप नंतर एका उन्हाळ्यात सगळे पिंजरे निरोगी निघाले. हौदातल्या माशांची पोरंबाळं वर सोडली. आता तिथे ती अंडी घालतात.

वेंडेल दोन गावं पलीकडे रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. मागच्या वसंतात तो माझ्याकडे आला, कोपऱ्यात बसला. ओढ्याची चौकशी केली, मी सांगितलं. मग विचारलं, “माझ्याबद्दल कधी काही बोलते?”

“नाही,” मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि कॉफी संपवली.

अर्लिसला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, वेंडेल येऊन गेला.

“तब्येत बरी होती?”

“बरी दिसली.”

“बरं,” ती म्हणाली. दुकानासमोर गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ती तिकडे गेली.