गीतकार : पारंपरिक

इकडे आखातात, रुवीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी कितीतरी वर्षं लोकांच्या मालकीचे अर्ज भरले. अत्तराच्या बाटलीचा आकार कुणाचा, खजुराच्या डब्यावरचा उंट कुणाचा, हे मी मोठ्या ठसक्यात टाइप करायचे. आणि शेजारणीचं गाणं मात्र मी स्वतःच्या हाताने बेवारस करून ठेवलं.

ही शेजारीण म्हणजे आमच्या वहिनी; दार्सैतला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. जयंतीच्या आधी वहिनी बाल्कनीत बसून निळ्या झेंड्याची किनार शिवत होत्या. शिवता शिवता त्यांनी गाणं रचलं आणि त्यात दार्सैतचा डोंगरही घातला. कार्यक्रमाची पत्रिका माझ्याकडे होती. "ताई, नाव नका घालू, मी कुठली कवयित्री," असं त्या म्हणाल्या. 'गीतकार'पुढची जागा मोकळी बरी दिसेना, म्हणून मी तिथे 'पारंपरिक' लिहिलं. नाव न छापणं वेगळं आणि गाण्याला कर्ताच नाही म्हणणं वेगळं, हे मला पाठ होतं. निनावी गाण्यालाही कायद्याचं संरक्षण असतं, पारंपरिक गाणं कुणीही उचलावं. पण छपाईची घाई होती आणि शब्द भारदस्त दिसत होता.

दोन वर्षांनी वहिनी फोन घेऊन माझ्या दारात उभ्या. तिकडे, महाराष्ट्रात, एका गायिकेने तेच गाणं वाद्यमेळासकट रेकॉर्ड केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

"दार्सैतच्या जागी नुसतं 'गावचा डोंगर' केलंय," वहिनी म्हणाल्या. "पैसे नकोत हो मला. नाव लागेल का?"

"का नाही लागणार? तुम्ही कागदावर उतरवलंत त्या क्षणी ते तुमचं झालं. नोंदणीसुद्धा लागत नाही." मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि त्यांच्या वतीने पत्र पाठवलं. उत्तरात आमच्याच पत्रिकेचा फोटो आला, माझ्या शब्दाभोवती लाल गोल काढलेला. ज्या वहीत गाणं लिहिलं होतं, ती केव्हाच रद्दीत गेली होती.

ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम लिखकर दो कि गलती तुम्हारी थी. बाकी मैं देखता हूँ." एवढंच करायचं होतं. पण दिवसभर दुसऱ्यांचे हक्क नोंदवणाऱ्या बाईने असली चूक सही करून कबूल करायची, याची मला लाज वाटली, नोकरीची भीतीही वाटली. वहिनींना मी 'या आठवड्यात, इन्शाल्ला' असं सांगत राहिले. पुढे त्या अल हैलला राहायला गेल्या आणि त्यांनी विचारणं सोडलं. त्यांनी भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

एकदा त्यांच्या मुलीच्या शाळेत मराठीचा कार्यक्रम होता, आग्रहाने बोलावलं म्हणून गेले. मुलगी माईकसमोर अडखळत म्हणाली, "आता मी एक पा... पारंपरिक गाणं म्हणते." आणि आईचं गाणं, डोंगरासकट, नीट म्हटलं. माझ्याकडून टाळ्या वाजवल्या गेल्या नाहीत.

खाली आल्यावर मी तिला विचारलं, "मम्मीचं नाव का नाही घेतलंस?"

"मी घेणार होते, आंटी. बट मम्मी म्हणाली, आंटी लॉ ऑफिसमध्ये आहे, तिने जे लिहिलंय तेच बरोबर असणार."